दोनच खंड घ्यायचे तर: बॅटमॅन, डायना, पीटर आणि आणखी दोन

गेल्या आठवड्यात नाशिकहून आत्तेभावाचा फोन आला. "दादा, तू ती नवी कॉमिक्स वाचतोस ना? मला दोन खंड घ्यायचेत. एक मला, एक लेकीला. दुकानात गेलो तर भिंतभर बॅटमॅन. कुठून सुरुवात करायची तेच कळेना." लेक अकरा वर्षांची. तो स्वतः पंचेचाळिशीचा, रद्दीच्या दुकानातून आणलेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांवर वाढलेला. त्यातल्या वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, अंगठीने गुन्हेगाराच्या जबड्यावर उठणारा कवटीचा ठसा त्याला अजून आठवतो, पण त्यानंतर त्याने कॉमिक हातात घेतलेलं नाही.

त्याला फोनवर जे सांगितलं ते जरा नीट मांडतो, कारण हाच प्रश्न आणखी तिघांनी विचारलाय. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा, वंडर वुमन १९४१ ची, स्पायडरमॅन १९६२ चा. एवढ्या वर्षांच्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात, त्यामुळे नवा वाचक कुठूनही शिरला तरी त्याला उशिरा आल्यासारखं वाटतं. म्हणून मी फक्त असे पहिले खंड (काही अंक एकत्र बांधलेलं पुस्तक म्हणजे खंड, त्यातला एकेक अंक म्हणजे प्रकरण) निवडले, ज्यांना मागचं काहीही माहीत असावं लागत नाही. पाच आहेत: 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'चा 'द झू', 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन'चा 'द लास्ट अ‍ॅमेझॉन', 'अल्टिमेट स्पायडरमॅन'चा 'मॅरीड विथ चिल्ड्रन', 'वर्ल्ड्स फायनेस्ट'चा 'द डेव्हिल नेझा', आणि साहसकथा म्हणून 'कोनन द बार्बेरियन'चा 'बाउंड इन ब्लॅक स्टोन'.

यातल्या पहिल्या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. लेखकाने नायकाकडून काहीतरी हिसकावून घेतलंय आणि मग बघितलंय की उरलेला माणूस तोच राहतो का. निवड करताना मला हाच प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो: कोणाकडून काय काढून घेतलं, आणि त्या जागी काय उगवलं?

बॅटमॅनकडून पैसा काढून घेतलाय. डीसी या अमेरिकी प्रकाशनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट मालिका सुरू केल्या, त्यातली ही पहिली. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. इथला ब्रूस वेन चोवीस वर्षांचा, शिकून इंजिनिअर झालेला आणि शहराच्या कामावर राबणारा. हवेली नाही, नोकर नाही. वडील शाळामास्तर होते आणि वर्गाची सहल प्राणिसंग्रहालयात नेली असताना गोळीबारात गेले, म्हणून खंडाचं नाव 'द झू'. आई मार्था मात्र जिवंत आहे. हा एक बदल सगळ्या गोष्टीचं वजन बदलतो. रात्री मार खाऊन आलेल्या मुलाला सकाळी आईसमोर उभं राहायचं असतं, आणि आई सगळं ओळखते की काय या धाकधुकीत त्याचं बोलणं चालतं. एरवी वेन घराण्याचा नोकर असणारा अल्फ्रेड इथे ब्रिटिश गुप्तहेर आहे, दुरून या पोरावर नजर ठेवून असतो आणि कथा त्याच्याच तोंडून येते. ज्यांना आपण पुढे खलनायक म्हणून ओळखतो ते वेलन, ऑस्वल्ड, एडवर्ड, हार्वी हे ब्रूसचे लहानपणचे मित्र आहेत. जुने वाचक तिथेच हळहळतात, आणि नव्या वाचकाला फक्त चार चांगले दोस्त दिसतात. दोन्ही वाचनं खरी आहेत.

ड्रॅगोटाचा बॅटमॅन कपाटाएवढा आहे. छातीवरचं वटवाघूळ खांद्यापासून खांद्यापर्यंत पसरलेलं, जड, काळं. ते सुटं होतं आणि त्याची कुऱ्हाड बनते. टोपाचे कानसुद्धा निघतात, ती पाती आहेत. पैसा नसलेल्या माणसाने हत्यारं अंगावरच वागवायची, ही कल्पना शब्दांत कुठे सांगितलेली नाही, चित्रातच आहे. पहिल्याच प्रकरणात ती कुऱ्हाड एका गुंडाचा हात तोडते. तिथे मी पुस्तक मिटून घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी परत उघडलं.

या खंडाची कमजोर बाजू त्याचा शत्रू आहे. ब्लॅक मास्क आणि त्याची मुखवटेवाली टोळी पैसे वाटून शहर पेटवायला निघते. विचार धारदार आहे, पण तो भाषणांतून येतो. ब्रूस आणि मार्था एका खोलीत असतात तेव्हा जे होतं, ते त्या टोळीच्या पन्नास पानांच्या धुमश्चक्रीत होत नाही. मधलं एक प्रकरण गॅब्रिएल हर्नांदेझ वाल्टाने काढलंय. त्याची रेष शांत, थोडी थरथरती. ड्रॅगोटाच्या दणक्यात ते परकं वाटतं अशी तक्रार मी ऐकलीय. मला ते प्रकरण फार आवडलं, श्वास घ्यायला जागा मिळाली.

आता डायना, म्हणजे वंडर वुमन. मी पाचांत तिला पहिलं ठेवतो, आणि याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लेखिका केली थॉम्पसनने तिच्याकडून बेट काढून घेतलं, आई काढून घेतली, बहिणी काढून घेतल्या. 'अ‍ॅमेझॉन' हे तिच्या लढवय्या बायकांच्या कुळाचं नावसुद्धा देवांनी उच्चारायला बंदी केलीय. तान्ह्या डायनाला ग्रीक देव अपोलो पाताळात आणून सर्सीच्या दारात ठेवतो. सर्सी म्हणजे शापित चेटकीण, तिला हे लेकरू नको आहे. पुढची पानं म्हणजे नको असलेलं मूल हळूहळू आपलं कसं होतं, त्याची गोष्ट. ही मुलगी नरकात वाढूनही कडू होत नाही. तिथले विचित्र, दातेरी जीव तिला मित्र वाटतात, आणि तिच्या हातून दयाच होते. सुपरहिरोंच्या कथेत चांगुलपणा दाखवणं अवघड असतं, बहुतेकदा तो भोळसट वाटतो. इथे तो कमावलेला वाटतो, कारण ज्या ठिकाणी तो उगवायलाच नको होता तिथे तो उगवताना आपण पानोपानी बघतो.

मोठी झालेली डायना हाडांच्या पंखवाल्या घोड्यावरून, स्वतःएवढी तलवार घेऊन गेटवे सिटीवर उतरते. तिचा एक हात नाही. तो का नाही हे खंडातच कळतं, आणि ज्या प्रकरणात कळतं ते या पाच पुस्तकांतलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. तिथे कोणी मोठ्याने काही बोलत नाही. ती काय देते आहे आणि किती सहज देते आहे, एवढंच दिसतं.

चित्रकार हेडन शर्मनची पानं बघायला थोडा वेळ ठेवावा लागतो. चौकटी साध्या चौकोनी क्वचितच असतात. त्या तिरक्या कापलेल्या असतात, कधी प्रसंगाच्या आकाराप्रमाणे वळतात, आणि तरी डोळा चुकत नाही, पुढे कुठे जायचं ते बरोबर कळतं. जॉर्डी बेलेअरचं रंगकाम पाताळाला एक रंग देतं आणि शहराला दुसरा, त्यामुळे भूतकाळ-वर्तमान अशी उडी मारताना पाटी लागत नाही. बॅटमॅनच्या पानात ताकद आहे, पण डायनाच्या पानात रचना आहे. दोन्ही शेजारी उघडी ठेवून बघितली की फरक लगेच कळतो. २०२५ मध्ये या मालिकेला उत्कृष्ट नव्या मालिकेचा आयस्नर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. उणीव सांगायची तर शहरातली माणसं. राक्षसाशी झुंज चालू असताना आजूबाजूचे लोक नुसते उभे असल्यासारखे वाटतात, आणि ती झुंज एक प्रकरण कमी चालली असती तरी चाललं असतं.

मार्था आणि सर्सी, दोघींना शेजारी ठेवून बघा. एकीला मुलाचं गुपित सांगितलेलं नाही, दुसरीला मुलीला सत्य सांगायची बंदी आहे. दोन्ही पुस्तकांचं काळीज या दोन बायकांत आहे. पण थॉम्पसन सर्सीला गोष्टीच्या मधोमध बसवते आणि स्नायडर मार्थाला परत परत कडेला ठेवतो. माझी पसंती तिथेच ठरली.

पीटर पार्करकडून, म्हणजे स्पायडरमॅनकडून, वर्षं काढून घेतलीत. मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनाची ही मालिका जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, लेखक जोनाथन हिकमन, मुख्य चित्रकार मार्को केकेत्तो. एका दुष्ट शास्त्रज्ञाने या जगात नायक तयारच होऊ दिले नाहीत, त्यामुळे पीटरला तो कोळी कधी चावलाच नाही. तो पस्तिशीच्या आसपासचा, बायको मेरी जेन, दोन मुलं, वर्तमानपत्रातली नोकरी. बेनकाका जिवंत आहेत, मेकाकू गेल्या. आणि मग त्याला विचारलं जातं: जे तुझं व्हायला हवं होतं, ते आता हवंय का? पंधराव्या वर्षी अपघाताने मिळणारी ताकद इथे घरसंसारी माणूस विचार करून घेतो. माझ्या आत्तेभावाच्या वयाच्या माणसाला हे थेट भिडणारं आहे. आपण काहीतरी व्हायचं राहून गेलो, ही रुखरुख हिकमनने फार नेमकी पकडलीय.

दोन जागा सांगतो. पीटरचा पहिला पोशाख काळा असतो. लहानग्या मुलीला तो दिसतो, काळं बघून भीती वाटते असं ती सांगते, आणि पोशाख लाल-निळा होतो. साठ वर्षं जो रंग आपण बघतोय त्याला इथे कारण मिळालं, आणि ते कारण घरातलं आहे. दुसरी जागा चौथं प्रकरण. जवळजवळ सगळं प्रकरण म्हणजे दोन जोडपी हॉटेलात जेवतायत: पीटर-मेरी जेन आणि हॅरी-ग्वेन. मारामारी नाही. चित्रं डेव्हिड मेसिनाची. दोघा नवऱ्यांना एकमेकांचं मुखवट्यामागचं गुपित माहीत आहे, आणि मेनूकार्ड, वाइनचे ग्लास, एकमेकांच्या कामाबद्दलच्या चौकश्या यांतूनच ताण चढत जातो.

मात्र पहिल्या खंडात काहीही मिटत नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. इथे प्रत्येक अंकात साधारण एक महिना सरतो, त्यामुळे वेग संथ आहे. बॅटमॅन आणि डायनाच्या पहिल्या खंडाला आपापला शेवट आहे, हा खंड मात्र मध्येच थांबतो. दिलासा इतकाच की मालिका २४ अंकांची आहे, म्हणजे रस्ता किती लांब ते आधीच माहीत आहे. चारही खंड घ्यायची तयारी असेल तरच पहिला घ्या.

'वर्ल्ड्स फायनेस्ट'मध्ये कोणाकडूनच काही काढून घेतलेलं नाही. सुपरमॅन सुपरमॅनच आहे, बॅटमॅन बॅटमॅनच, रॉबिन अजून पोरगा आहे. लेखक मार्क वेड, चित्रकार डॅन मोरा, सुरुवात २०२२ ची. सुरुवातीलाच सुपरमॅनला लाल क्रिप्टोनाइट (त्याला घातक असणारं खनिज) टोचलं जातं, बॅटमॅन त्याला घेऊन डूम पेट्रोल या दुसऱ्या नायकांच्या चमूकडे धावतो, आणि तिथून गोष्ट थांबतच नाही. मोराच्या माणसांचे चेहरे बोलतात. हसणं, ओशाळणं, मित्राबद्दलची काळजी, सगळं संवाद न वाचताही कळतं. इंग्रजी वाचनाची नुकती सवय लागलेल्या मुलांसाठी हे मोलाचं आहे. खोली डायनाएवढी नाही, आणि ती कमी आहे असं वाचताना वाटतही नाही.

कोननबद्दल थोडक्यात. रॉबर्ट हॉवर्डच्या या नायकाची पहिली कथा १९३२ मध्ये छापून आली, आणि त्याच्याकडे पहिल्यापासूनच तलवारीशिवाय काही नाही. टायटन या प्रकाशनाने २०२३ मध्ये नवी मालिका काढली, लेखक जिम झब, चित्रकार रॉब डे ला टोरे. काळ्या दगडाच्या शापाने उठलेली प्रेतांची फौज, रानावनातून पळापळ, पिक्ट या रानटी टोळीतली ब्रिसा नावाची लढवय्यी. डे ला टोरेची शाईची रेष इतकी जुन्या वळणाची, दाट आहे की वेताळावर वाढलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. चारच प्रकरणांत गोष्ट पुरी होते. निवेदन मात्र पल्लेदार, शब्दांनी लगडलेलं आहे. ज्याला ते झेपतं त्याला फार आवडतं. रक्तपात भरपूर, मुलांच्या हाती द्यायचा नाही.

कागदावर की पडद्यावर, हेही ठरवायला हवं. डायना आणि बॅटमॅन फोनवर वाचू नका. शर्मनचं अख्खं पान एकदम दिसलं नाही तर ते कळतच नाही, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र फोनवर तिकिटाएवढं होतं. पीटरची गोष्ट टॅबवर छान वाचता येते. मार्व्हल अनलिमिटेड या वर्गणीच्या अ‍ॅपवर अंक निघाल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी येतो, त्यामुळे संथ मालिका तिथे सलग वाचणं खिशालाही परवडतं.

आत्तेभावाला मी सांगितलं: तुझ्यासाठी डायना, लेकीसाठी 'वर्ल्ड्स फायनेस्ट'. तो म्हणाला, "अरे पण डायना तर मुलींची ना?" मी म्हटलं, आधी सर्सीची पानं वाच, मग बोलू. पीटर तुझ्या वयाचा आहे, तो टॅबवर वाच. दिवाळीनंतर आणखी एक घेशील तेव्हा बॅटमॅन आण, आणि वेताळाची फारच आठवण येत असेल तर त्याऐवजी कोनन. या दोघांपैकी जो घरी येईल तो वरच्या फळीवर ठेव. डायनाचा खंड लेकीने मागितला तर मात्र तेराव्या वर्षाची वाट बघू नकोस, शेजारी बसून वाच.