फॅसिझम डावा की उजवा?

नाशिकमध्ये हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनी याला भेटले, तिथल्या तरुणांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था त्यांनी पाहिल्या आणि १९३७ मध्ये इथे भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले.

‘डावा’ म्हणणाऱ्यांकडे पुरावे आहेत. मुसोलिनी १९१४ पर्यंत समाजवादी होता, समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ या वृत्तपत्राचा संपादक. फॅसिस्टांच्या १९१९ च्या जाहीरनाम्यात आठ तासांचा कामाचा दिवस आणि भांडवलावर जबर कर होता. १९३३ मध्ये बुडत्या बँका सावरायला सरकारी महामंडळही निघाले.

पण जाहीरनामा बाजूला ठेवून सत्तेतली कृती पाहा. १९२१ मध्ये फॅसिस्ट संसदेत गेले ते समाजवाद्यांविरुद्धच्या आघाडीतून. सत्ता येताच आयुर्विम्याची सरकारी मक्तेदारी मोडली. १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्तीचा खून झाला. १९२६ मध्ये संपावर बंदी आली, कम्युनिस्ट नेता ग्राम्शी तुरुंगात गेला. जर्मनीत २ मे १९३३ रोजी नाझींनी कामगार संघटनांची कार्यालये बळकावली. कारखाने मात्र बहुतेक मालकांकडेच राहिले. ज्यूंची मालमत्ता तेवढी लुटली गेली.

घोळ होतो तो मोजपट्टीत. सरकारी हस्तक्षेप एवढीच कसोटी लावली, तर कामगारांसाठी विमा आणणारा एकोणिसाव्या शतकातला जर्मनीचा सनातनी चॅन्सेलर बिस्मार्कही डावा ठरेल! समता हवी की जन्मजात उतरंड, हे विचारले तर फॅसिझम अति-उजवाच ठरतो. हुकूमशाही हा वेगळा अक्ष आहे. त्यावर स्टालिन आणि मुसोलिनी शेजारी बसतात, आणि हे डाव्यांनीही मान्य करायला हवे.