स्लॅक: घ्या, पण बोलणं उघड्या चॅनलमध्ये होणार असेल तरच

टीमसाठी स्लॅक, म्हणजे ऑफिसातल्या लोकांनी आपसात मेसेज करायचं ॲप, घ्यावं का असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितोय. माझं मत सरळ आहे, टूल भारी आहे, पण ते नुसतं ऑफिसचं चॅटिंग म्हणून वापरणार असाल तर घेऊच नका, त्यासाठी ढीगभर दुसरी ॲप्स आहेत.

स्लॅक मुळात विकायला बनवलंच नव्हतं. टायनी स्पेक नावाची कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती, टीम वेगवेगळ्या शहरांत बसलेली, म्हणून त्यांनी आयआरसी नावाच्या जुन्या इंटरनेट चॅटवर स्वतःच्या सोयीसाठी एकेक गोष्ट चढवत नेली. गेम २०१२ मध्ये बंद पडला आणि हे टूल मात्र उरलं, मग २०१४ पासून सगळ्यांसाठी आलं आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने ते सुमारे २७.७ अब्ज डॉलरला विकत घेतलं. हे सांगायचं कारण एवढंच की लांब बसून एकत्र काम करणाऱ्यांची गरज त्यात अगदी आतपर्यंत मुरलेली आहे, आणि ती वापरताना जाणवते.

आता मुद्द्याचं. ईमेलवर चालणाऱ्या ऑफिसात ज्याचं नाव टू किंवा सीसीमध्ये आहे त्यालाच गोष्ट कळते. नवीन माणूस जॉइन झाला की त्याचा इनबॉक्स रिकामा, मागे काय ठरलं, का ठरलं, कोणी विरोध केला होता, काहीच माहीत नाही, मग तो महिनोन्महिने याला विचार त्याला विचार करत फिरतो. स्लॅकच्या उघड्या चॅनलमध्ये, म्हणजे एकेका विषयाच्या अशा ग्रुपमध्ये जो टीममधल्या कोणालाही वाचता येतो, हे सगळं आधीपासून पडलेलं असतं. रिफंडचा एखादा विचित्र नियम का आहे ते सर्च केलं की जुनी अख्खी चर्चा समोर येते, त्यात कोणता कस्टमर अडकला होता, अकाउंट्सवाले काय म्हणाले, शेवटी कोणी हो म्हटलं, सगळं. ज्युनिअर पोरांना तर याचा जबरदस्त फायदा होतो, सीनिअर लोक वाद कसा घालतात आणि मत कसं बदलतात हे त्यांना मीटिंगला न बोलावताही बघायला मिळतं. हे मला कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि इथेच ऑफिसची आतली रचना हलायला लागते. वरचं खाली आणि खालचं वर सांगणं हेच ज्यांचं मुख्य काम होतं अशा मॅनेजरना अचानक काम उरत नाही, कारण वरचे साहेब थेट चॅनल वाचतात. चांगले मॅनेजर तो वेळ माणसांना आणि अडलेल्या कामांना देतात. बाकीचे प्रायव्हेट चॅनल सुरू करतात, "डीएम कर ना" (म्हणजे ठरावीक माणसांनाच दिसणारा थेट मेसेज) म्हणतात, आणि बघता बघता सगळं परत बंद दाराआड. मी काम केलेल्या एका ठिकाणी नेमकं हेच झालं, उघड्या चॅनलमध्ये फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खरे निर्णय चार जणांच्या डीएममध्ये, बाकीच्यांना निर्णय झाल्यावरच कळायचं. ॲडमिनला ॲनालिटिक्समध्ये किती टक्के मेसेज पब्लिक चॅनलमध्ये आणि किती डीएममध्ये जातात ते दिसतं. तो आकडा अधूनमधून बघाच, टीममध्ये काय चाललंय ते त्यातून बरंच कळतं.

त्रास कुठे होतो, तर माणूस ऑनलाइन आहे हे दाखवणाऱ्या, नावापुढच्या हिरव्या ठिपक्याचा. तो दिसला की लोकांना लगेच उत्तर हवं असतं, आणि मग ज्या कामाला सलग दोन तास डोकं लावावं लागतं ते काम होतच नाही. यावर सोयी आहेत, डू नॉट डिस्टर्ब आहे, मेसेज शेड्यूल करता येतो, पण उशिरा उत्तर दिलं तरी चालेल हे टीमने बोलून ठरवल्याशिवाय या सोयींना कोणी हात लावत नाही. मेसेजमध्ये ॲट-चॅनल (@channel) आणि ॲट-हिअर (@here) लिहिण्यातला फरकही सगळ्यांना सांगा, पहिल्याने चॅनलमधल्या सगळ्यांना नोटिफिकेशन जातं, दुसऱ्याने फक्त त्या वेळी ॲक्टिव्ह असलेल्यांना. थ्रेड, म्हणजे एखाद्या मेसेजखालीच त्याची वेगळी चर्चा करायची सोय, २०१७ मध्ये आले तरी अजून लोक उत्तर मेन चॅनलमध्येच टाकतात आणि तीन विषयांची खिचडी होते, नंतर शोधताना जीव जातो.

फ्री प्लॅनबद्दल स्पष्ट बोलतो. आधी शेवटचे १०,००० मेसेज दिसायचे, २०२२ पासून फक्त ९० दिवसांचे दिसतात आणि २०२४ पासून वर्षापेक्षा जुना डेटा तर डिलीटच होतो. म्हणजे मी वर ज्या गोष्टीचं एवढं कौतुक केलं, ती जुनी चर्चा सापडण्याची सोय, फ्रीमध्ये तीच मिळत नाही. महत्त्वाचे निर्णय लगेच दुसरीकडे एखाद्या डॉक्युमेंटमध्ये उतरवून ठेवा.

आणखी एक, डीएम म्हणजे खाजगी असं समजू नका. काही प्लॅनवर तुमची कंपनी स्लॅककडून परवानगी घेऊन डीएमसकट सगळा डेटा एक्सपोर्ट करू शकते. कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं, आणि मला वाटतं फार कमी ठिकाणी सांगतात.

पाच-सात जणांची टीम एकाच खोलीत बसत असेल तर गरज नाही. माणसं वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी काम करत असतील तर डोळे झाकून घ्या, चॅनलची नावं कशी ठेवायची ते सुरुवातीलाच ठरवा आणि सगळ्यात वरच्या माणसाला त्याचे प्रश्न उघड्या चॅनलमध्येच विचारायला सांगा, कारण तो डीएममध्ये बोलत राहिला तर बाकीचेही तेच करणार.