परमिट रूम की गच्चीवरचा पब?

पुण्याचे मित्र कोल्हापुरात आले की प्रश्न ठरलेला: बसायचं कुठं? स्टेशन रोडकडची जुनी परमिट रूम, की ताराबाई पार्कातला गच्चीवरचा नवा पब?

जेवणाचं म्हणाल तर मला शंकाच नाही. परमिट रूममध्ये मटण ताट मागवलं की सुक्याबरोबर तांबडा-पांढरा येतो, वाटी रिकामी दिसली की पुन्हा भरतात. तांबड्याला कांदा-लसूण चटणीचा ठसका, पांढऱ्यात नारळाचं दूध आणि खसखस. पेटलेली जीभ पांढराच आवरतो. पबमध्ये त्याच मटणाचे चार तुकडे लांबट बशीत, वर कोथिंबिरीचं एक पान. चव वाईट नाही, पण भाकरी मागितली की पोरगं गोंधळतं.

आपुलकीचं गणित मात्र तेवढं सरळ नाही. 'काय भावा, नेहमीचंच का?' हे परमिट रूमचा वेटरच विचारणार. पण बायकोला घेऊन गेलं की चार माना वळतात, आणि 'फॅमिली रूम' म्हणजे बहुतेकदा पडद्यामागचा कोंदट कोपरा. पबात बायका निवांत बसतात, हवाही खेळती. गाणी तेवढी कानठळ्या बसवणारी.

कायदा दोन्हीकडे एकच, १९४९ चा दारूबंदीचा. 'परमिट' हा शब्द त्यातल्याच परवान्याचा. बिअरला २१ वर्षं, कडक दारूला २५.

मी परमिट रूमवाला. बायको बरोबर असेल तर पब, पण घरून चार घास खाऊन.