परराज्यात संगणकशास्त्राचे एम.टेक. : दहा महिने राहून पाहिल्यानंतर

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस मी सांगलीहून कर्नाटकातील एका केंद्रीय तांत्रिक संस्थेत संगणकशास्त्राच्या एम.टेक.साठी आले. पुढे काही उणिवाही लिहायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. पहिल्या वर्षाची दोन्ही सत्रे पूर्ण झाली आहेत, प्रबंधासाठी मार्गदर्शक ठरले आहेत आणि घरापासून दूर राहण्याचा पहिला नवखेपणाही ओसरला आहे. परराज्यात जावे की नाही या विचारात असलेल्या आपल्याकडील मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी पदवी सांगलीतच झाली. एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट या राष्ट्रीय परीक्षेचा निकाल लागल्यावर घरातील सर्वांचे मत पुण्याकडे झुकलेले होते, आणि ते चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. १८५४ पासून चालत आलेले पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय या दोन्ही अभियांत्रिकी संस्थांत राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून जाता येते, आणि पुणे तर सांगलीहून सकाळी निघून दुपारी पोहोचण्याच्या अंतरावर आहे. मला मात्र वितरित प्रणाली, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून एक काम करण्याचे शास्त्र, याच विषयात पुढे जायचे होते. त्यामुळे एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आणि तत्सम केंद्रीय संस्थांसाठी असलेल्या सीसीएमटी या सामाईक प्रक्रियेत मी अर्ज भरला. बी.टेक.ला एनआयटीतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, म्हणून एम.टेक.लाही बाहेरच्यांना कमी वाव असेल असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सीसीएमटीत असा गृहराज्याचा कोटा नाही. गेटचा स्कोअर आणि आपला प्रवर्ग यांवरच जागा मिळते. शिवाय गेटचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे पहिल्याच वर्षी मनाविरुद्ध जागा घेतलीच पाहिजे असेही नाही.

पसंतीक्रम भरताना फ्रीझ, स्लाइड आणि फ्लोट या तीन पर्यायांचा अर्थ नीट समजून घ्यावा. फ्रीझ म्हणजे मिळालेलीच जागा कायम, स्लाइड म्हणजे त्याच संस्थेतील वरच्या पसंतीची शाखा, आणि फ्लोट म्हणजे यादीतील वरची कोणतीही जागा. पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची जागा हातची जाते, आणि मग मागे येता येत नाही. म्हणून यादीतील प्रत्येक ओळ ‘ही मिळाली तर मी खरोखर जाईन’ असे स्वतःला विचारूनच लिहावी. मला पहिल्या फेरीत दुसऱ्या राज्यातील माहिती सुरक्षेची शाखा मिळाली होती. मी फ्लोट ठेवले आणि पुढच्या फेरीत इथली जागा मिळाली.

कागदपत्रांविषयी एक गोष्ट आपल्याकडे फार उशिरा लक्षात येते. केंद्रीय संस्थांत ओबीसी प्रवर्गासाठी केंद्राच्या यादीत जात असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातच लागते. राज्याच्या नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी काढलेले प्रमाणपत्र तिथे चालत नाही. महाराष्ट्रातील एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आरक्षणही केंद्रीय प्रवेशात लागू नाही, त्यामुळे त्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढावे लागते. माझ्या वर्गातील एका मित्राला हे पडताळणीच्या आठवड्यात कळले, आणि सेतू केंद्र ते तहसील अशा फेऱ्या मारण्यात त्याची प्रवेशाची एक फेरी वाया गेली. गेटचा निकाल मार्चमध्ये लागतो. त्याच महिन्यात हे काम हाती घ्यावे, आणि विद्यापीठाकडे स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्जही पदवीचा निकाल लागताच करून ठेवावा.

आता मुख्य विषय, म्हणजे शिक्षण. पहिल्या सत्रातील प्रगत अल्गोरिदमचा अभ्यास पदवीच्या अभ्यासापेक्षा खोल होता, पण त्याची जातकुळी ओळखीची होती. खरा फरक वितरित प्रणालीच्या वर्गात जाणवला. तिथे पाठ्यपुस्तक जवळपास नव्हतेच. दर आठवड्याला एक मूळ शोधनिबंध वाचून यायचा आणि त्यातील युक्तिवाद फळ्यावर मांडून दाखवायचा. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेला विचार, की वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळे जुळत नसली तरी कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे निरोपांच्या देवाणघेवाणीवरून ठरवता येते, मी पदवीच्या परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिला होता. तो मला समजला नव्हता, हे इथे फळ्यासमोर उभी राहिल्यावर कळले. त्यानंतर राफ्ट हा, अनेक यंत्रांनी मतदानाने एक नेता निवडून सारख्याच नोंदी राखण्याचा अल्गोरिदम स्वतः लिहून चालवण्याचे काम सहा आठवड्यांसाठी दिले गेले. पाच यंत्रांपैकी कोणतीही दोन बंद पडली तरी उरलेल्या तिघांनी नवा नेता निवडून नोंदी जशाच्या तशा राखल्या पाहिजेत, अशी अट होती. माझा प्रोग्रॅम बहुतेक वेळा बरोबर चालायचा आणि मधूनच एकदा चुकायचा. ती एक चूक शोधण्यात अकरा रात्री गेल्या. नेता नसलेले यंत्र जुन्या कालखंडातील मत मोजत होते. दहा महिन्यांत मला सर्वांत जास्त शिकवून गेले ते हे काम, आणि केवळ त्यासाठीसुद्धा मी घर सोडून आल्याचे समाधान मानते.

उणीव आहे ती ऐच्छिक विषयांत. संकेतस्थळावरील अभ्यासक्रमात बावीस ऐच्छिक विषयांची यादी आहे, तर दुसऱ्या सत्रात प्रत्यक्षात सहाच चालवले गेले आणि त्यातील चार यंत्रशिक्षणाभोवतीचे होते. ज्यांना तेच शिकायचे आहे त्यांची सोय झाली, पण मला हवा असलेला प्रगत ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय ज्या सरांचा होता ते दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेले होते. यादीत त्यांचे नाव मात्र अजून आहे. पदवीच्या वेळचे आमचे सर निघताना म्हणाले होते, ‘‘विभागातल्या प्रत्येक प्राध्यापकाचं गेल्या तीन वर्षांतलं काम बघ आणि मग पसंती भर.’’ मी ते ऐकले, पण केले नाही, कारण मला संस्थेच्या क्रमवारीतील स्थान पुरेसे वाटले. डीबीएलपी या मोफत सूचीत कोणाचेही नाव घातले की त्यांचे निबंध वर्षानुसार दिसतात. एका संस्थेसाठी दोन तास पुरतात. एम.टेक.चे दुसरे वर्ष जवळजवळ संपूर्ण प्रबंधाचे असते, आणि आमच्याकडे मार्गदर्शकांचे वाटप पहिल्या वर्षाचे गुण आणि पसंती पाहून होते. मला हवे तेच मार्गदर्शक मिळाले, पण त्यांच्याकडे एम.टेक.चे पाच आणि पीएच.डी.चे सात विद्यार्थी आहेत, त्यामुळे स्वतंत्र भेट पंधरा दिवसांतून एकदाच होते.

पैशांचा हिशोब थोडक्यात सांगते. गेट उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि त्याबदल्यात मी आठवड्याला आठ तास बी.टेक.च्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करते. खानावळ आणि किरकोळ खर्च त्यातून भागतो. मात्र पहिले विद्यावेतन हाती पडायला नोव्हेंबर उजाडला, तेव्हा पहिल्या चार महिन्यांची तरतूद घरून करूनच निघावे. राज्यातील प्रवेशावर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारी शुल्कसवलतही इथे माझ्या उपयोगी पडली नाही. पुण्याशी तुलना करताना हा फरक आई-बाबांना आधीच सांगायला हवा होता.

भाषेची भीती मला वाटली नव्हती, कारण आजोळ जत तालुक्यातले आणि आई घरात कन्नड बोलते. पण तिकडची बोली आणि इथली कन्नड यांत बरेच अंतर आहे, हे पहिल्याच आठवड्यात दुकानात समजले. वर्गात सर्व इंग्रजीच असल्यामुळे अभ्यासात अडचण आली नाही. घरच्या अंतराचा त्रास मला एकदाच तीव्रपणे झाला. आमचे घर सांगलीत नदीकाठच्या गावभागात आहे, आणि मी इथे रुळत असतानाच कृष्णेचे पाणी चढू लागले होते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात. २०१९ चा महापूर पाहिलेला असल्याने त्या चार रात्री मी पुस्तक उघडून नुसती बसून होते आणि बाबांना दर तासाला फोन करत होते. प्रवेशाचे आणि पुराचे दिवस एकच असतात, याचा विचार नदीकाठच्या घरांनी जरूर करावा. एरवी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेससारख्या गाड्या असल्यामुळे येणे-जाणे सोपे आहे.

नोकरीबाबत अजून माझा अनुभव नाही, मुलाखती ऑगस्टपासून सुरू होतील. एक तपासणी मात्र आधीच करता येते. एनआयआरएफ या संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था जी माहिती सादर करतात तिच्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे मध्यक (मीडियन) वेतन आणि नोकरी मिळालेल्यांची संख्या असते. तो आकडा सर्व शाखांचा मिळून असतो, एकट्या संगणकशास्त्राचा नव्हे. त्यामुळे दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांना गाठून, कोणत्या कंपन्यांनी एम.टेक.च्या मुलांना परीक्षेला बसू दिले आणि कोणत्या फक्त बी.टेक.साठी आल्या, हे विचारावे. आमच्याकडे हे प्रमाण मला वाटले होते त्यापेक्षा कमी निघाले.

पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी परराज्यातच येईन, पण यादी वेगळी भरीन. माझ्या पसंतीक्रमात सातव्या ओळीवर एक संस्था होती. तिची क्रमवारी या संस्थेच्या बरीच खाली आहे, आणि तिथे वितरित प्रणालींवर नियमित काम करणारे तीन प्राध्यापक आहेत. मी तिला पहिल्या ओळीवर ठेवले असते.