पद्मिनीचे इंजिन: मूळ ठेवावे, निस्सानचे बसवावे की जिप्सीचे?

घरातली जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० डी पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले की सर्वांत मोठा खर्च इंजिनावर येतो आणि बहुतेक मालक तिथेच अडतात. मूळ १०८९ सीसीचे इंजिन पुन्हा उभे करावे, प्रीमियर ११८ एनईमधले निस्सानचे ११७१ सीसी इंजिन बसवावे, की मारुती जिप्सीचे १२९८ सीसी इंजिन घालावे, असे तीन मार्ग सहसा समोर ठेवले जातात. त्यांची तुलना बहुधा अश्वशक्तीपासून सुरू होते आणि माझ्या मते ती तिथून सुरू होऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत, घाटात आणि तुंबलेल्या रहदारीत गाडी न तापता चालेल का, आणि बदललेले इंजिन आर.सी.वर चढेल का, ही दोन उत्तरे हातात आल्याशिवाय इंजिनाचा सौदा करू नये.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, जवळपास तेवढाच पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो आणि उरलेला बराचसा सायलेन्सरमधून बाहेर पडतो. म्हणजे इंजिन जेवढी शक्ती प्रत्यक्ष देत असते, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. माणसे आणि सामान धरून सुमारे १२०० किलो भरणारी पद्मिनी पंधरास एक अशा चढावर ताशी ४० किलोमीटरने चढवायला १५ ते १६ अश्वशक्ती पुरते, मग बॉनेटखाली इंजिन कोणतेही असो. त्यामुळे मोठे इंजिन बसवले की गाडी तापणारच, ही समजूत सरसकट खरी नाही. तोच चढ त्याच वेगाने चढताना ते इंजिन जवळपास तेवढीच उष्णता देईल. फरक पडतो तो हाताशी ताकद आल्यावर आपण तोच चढ साठच्या वेगाने चढू लागतो तेव्हा. आणि ४० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी बनवलेला रेडिएटर ८० अश्वशक्तीच्या इंजिनापुढे तसाच ठेवला, तर तो उणा पडतो तोही नेमका अशाच वेळी.

मूळ इंजिनापासून सुरुवात करतो, कारण ते निकामी ठरवण्याची आपल्याकडे फार घाई होते. सुमारे ४० अश्वशक्तीचे हे इंजिन ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे (सिलिंडर असलेला मुख्य ठोकळा) आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे (ब्लॉकवर बसणारे झाकण) आहे. तापल्यावर हे दोन धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून गाडी एकदा सपाटून गरम झाली की हेड वाकते, दोघांमधले हेड पॅकिंग उडते, आणि नुसते नवे पॅकिंग टाकून भागवले तर काही दिवसांत तेच दुखणे परत येते. हेड फेसिंगला देऊन सपाट करून घेणे आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळणे, एवढे नीट झाले तरी पुष्कळ इंजिने पूर्वपदावर येतात.

त्याहून महत्त्वाचे कारण मात्र बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातलेल्या ब्लॉकमध्ये क्षार आणि गंज यांचा गाळ साचतो आणि तो बहुधा मागच्या सिलिंडरभोवती सर्वांत जास्त असतो, कारण तिथे पाण्याचा वेग सर्वांत कमी असतो. इंजिन थंड असताना ब्लॉकचा पाणी सोडण्याचा नळ उघडून पाहावा. रेडिएटर भरलेला असूनही तिथून धार न येता दोन-चार तपकिरी थेंब ओघळले, आणि आत तार घालून ढोसल्यावर ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा लगदा बाहेर आला, तर तापण्याचे कारण सापडले असे समजावे. अशा ब्लॉकचे वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचे) काढून आतला गाळ पूर्ण धुतल्याशिवाय नवा रेडिएटरही उपयोगाचा नाही. रेडिएटरची परीक्षाही अशीच साधी आहे. गाडी चांगली चालवून आणावी, इंजिन बंद करावे आणि जाळीवरून तळहात सावकाश फिरवावा. मध्येच थंड पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाक्या तशाच ठेवून त्यात नवा, एक रांग जास्त असलेला कोअर (नळ्या-जाळीचा मधला भाग) बसवणारे कारागीर अजून मिळतात, आणि इंजिन बदलण्याच्या तुलनेत तो खर्च अगदी किरकोळ असतो.

मूळ इंजिनाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. त्याच्या क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीनच मेन बेअरिंग, म्हणजे आधार, आहेत आणि महामार्गावर तासन् तास ऐंशी-नव्वदचा वेग ठेवणे हे त्याचे काम नव्हे. सुट्या भागांचे चित्रही बदलत आहे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्या आधारावर टिकून असलेली मिस्त्री आणि दुकानदारांची साखळी आता विरळ होत जाणार. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचा मुद्दा आणखी गंभीर आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ पट. कार्ब्युरेटरला हा फरक कळत नाही. तो पूर्वीच्याच जेटमधून (इंधनाच्या बारीक छिद्रातून) तेवढेच इंधन सोडतो, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि जोर कमी पडून इंजिन जास्त तापते. मूळ इंजिन ठेवणाऱ्याने मेन जेट एक-दोन आकारांनी मोठा करून घेणे आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व फ्लोटच्या जागेचे भाग इथेनॉलला टिकणारे घालणे आता टाळता येणार नाही.

निस्सानचे ए-१२ इंजिन हा मधला मार्ग आहे, आणि नियमित चालवायच्या गाडीसाठी तीनपैकी मला तोच सर्वांत समंजस वाटतो. प्रीमियर कंपनीने १९८५ च्या सुमारास आणलेल्या ११८ एनईत हे इंजिन होते. शक्ती ५२ अश्वशक्तीच्या आसपास, क्रँकला पाच मेन बेअरिंग, ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमचे. ते लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके चालवते, म्हणजे मांडणी पद्मिनीसारखीच. वाढलेली ताकद इतकी बेताची आहे की नवा कोअर घातलेला मूळ आकाराचा रेडिएटर आणि नीट बसवलेला पंखा त्याला पुरतात, आणि चारही चाकांवर ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला ती झेपते.

तरीही हे काम एका दिवसात बोल्ट आवळून होणारे नाही. इंजिनाचे माउंटिंग नव्याने बनवावे लागते, संप (इंजिनाच्या तळची ऑइलची टाकी) आणि क्रॉस-मेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) एकमेकांना अडत नाहीत ना ते पाहावे लागते, आणि प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) कापून, जोडून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. निस्सानचा गिअरबॉक्स घेतला तर स्टिअरिंगखालचा गिअर जाऊन दांडा जमिनीवर येतो आणि पुढची सलग सीट तशी ठेवता येत नाही. ज्यांना त्या सीटवर तिघांनी बसण्याचीच ओढ आहे त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. दुसरी गोष्ट, कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर किंवा अन्यत्र मिळणारे ११८ एनईचे इंजिनही आता पंचवीस-तीस वर्षांचे असते. ते न उघडता बसवणे म्हणजे पैसे मोजून दुसऱ्याचा गाळ विकत घेणे होय. पिस्टन-रिंग, बेअरिंग, वॉटर पंप आणि वेल्च प्लग बदलूनच ते बॉनेटखाली जावे.

जिप्सीचे जी-१३ हे इंजिन म्हणून तिघांत सर्वांत चांगले आहे, यात वाद नाही. एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली इंधन फवारणाऱ्या) रूपात ते सुमारे ८० अश्वशक्ती देते, तेही लांबीच्या दिशेने बसते, आणि जिप्सीचा ट्रान्स्फर केस (चारही चाकांना शक्ती वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा असल्यामुळे तो वगळून गिअरबॉक्सची शाफ्ट थेट मागच्या ॲक्सलला जोडता येते. ऑक्सिजन सेन्सरसह पूर्ण हार्नेस (वायरिंगचा संच) मिळाली तर ई-२० चा प्रश्नही संगणक स्वतःच बराचसा सांभाळतो. पण त्याचे ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. लोखंडी ब्लॉक साध्या पाण्यावर कसाबसा निभावतो. हा निभावत नाही. त्यात बारा महिने गंजरोधक कूलंट हवे, तेही शुद्ध पाण्यात मिसळलेले, आणि एकदा जोरात तापला तर त्याची दुरुस्ती महागात पडते. रेडिएटर मोठाच घालावा लागतो आणि पद्मिनीच्या अरुंद नाकात तो बसवताना त्याची वरची टाकी हेडपेक्षा खाली जाण्याचा धोका असतो. तसे झाले तर हेडमध्ये हवा अडकते, पाणी भरलेले दिसते आणि इंजिन मात्र तापत राहते. अशा वेळी सर्वांत उंच जागी वेगळी टाकी बसवून हवा काढण्याची सोय करावी. शिवाय दाबाचा इंधन पंप, परतीची नळी, नवी वायरिंग आणि पुढचे डिस्क ब्रेक हे सगळे धरूनच खर्चाचा अंदाज बांधायचा. डिस्क ब्रेकशिवाय ८० अश्वशक्तीची पद्मिनी मी कोणालाही सुचवणार नाही.

पद्मिनीच्या डिझेल आवृत्तीतले १३६६ सीसीचे इंजिनही कोणी सुचवतात. वजन, थरथर, भागांची टंचाई आणि इंधनाचा प्रकार बदलल्याने वाढणारी कागदपत्रे पाहता ते आज घेण्यासारखे नाही.

कोणतेही इंजिन निवडले तरी पंख्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बेल्टवरचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तो भरपूर वारा देतो, पण सिग्नलवर इंजिन मंद झाले की तोही मंदावतो. विजेचा पंखा इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो, म्हणून शहरात चालणाऱ्या गाडीला तो जास्त सोयीचा. मात्र तो दोन हेडलाइटांइतका, म्हणजे सुमारे दहा अँपिअर प्रवाह खातो, आणि जुन्या गाडीत डायनामो असेल तर मंद इंजिनावर तो जवळपास काहीच चार्जिंग देत नाही. पंख्याची गरज सर्वांत जास्त असते त्याच क्षणी बॅटरी उतरू लागते. म्हणून आधी अल्टरनेटर, मग रिले व फ्यूजसह पंखा, हा क्रम पाळावा. पंखा बेल्टवरचा असो वा विजेचा, त्याभोवती श्राउड, म्हणजे पूर्ण जाळीला झाकणारे आवरण, नसेल तर तो जाळीच्या मधल्या गोलातूनच वारा ओढतो आणि कडेचा भाग वाया जातो.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून फेकण्याची सवय सोडायला हवी. ज्या इंजिनात बायपासची वाट आहे तिथे थर्मोस्टॅट काढल्यावर पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता त्याच वाटेने फिरत राहतो. रेडिएटरचे झाकणही योग्य दाबाचे हवे. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तर साधारण एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली समुद्रसपाटीला ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पण झिजलेल्या सोल्डरच्या जुन्या रेडिएटरवर एकदम जास्त दाबाचे झाकण लावले तर शिवणच उसवते.

आता कागदपत्रांकडे वळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आर.सी.तील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली आहे. त्याच जातीचे इंजिन बदलून नवा क्रमांक नोंदवणे तुलनेने सरळ असते. वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या सीसीचे इंजिन नोंदवून घेणे फार अवघड. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आपल्या आरटीओकडे लेखी अर्ज करून उत्तर घ्यावे, आणि इंजिन ज्या गाडीतून आले तिची आर.सी. रद्द झाल्याचा कागद व पक्के बिल मागावे. नोंद न करता चालवलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचाही इथे थेट संबंध येतो: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि इंजिन, चेसिस किंवा बॉडीत बदल न झालेली गाडीच त्या नोंदणीला पात्र ठरते. सत्तरच्या दशकातल्या गाड्या त्या उंबरठ्यावर आहेत. अशी गाडी असेल तर मूळ इंजिनच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८५ नंतरची, रोज किंवा दर आठवड्याला चालणारी गाडी असेल आणि आरटीओची लेखी परवानगी मिळाली, तरच निस्सानचा विचार करावा. जिप्सीचा विचार त्याहीपुढे, ब्रेक आणि वायरिंगसह पूर्ण काम करणारा अनुभवी मिस्त्री हाताशी असेल तेव्हाच.

काम झाल्यावर तापमानाच्या काट्यावर लगेच भरवसा ठेवू नये. नव्या इंजिनाचा सेन्सर आणि जुन्या डॅशबोर्डचा काटा यांचा मेळ क्वचितच बसतो. काटा मध्यावर दिसत असताना पाणी उकळत असू शकते. मूळ काट्याच्या जोडीचा सेन्सर नव्या इंजिनात बसेल असा अडॅप्टर लेथवर करून घ्यावा, सेन्सर गरम पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसह धरून ८० आणि ९५ अंशांना काटा कुठे येतो त्याची खूण करावी, आणि मगच गाडी भर दुपारी खंडाळ्याच्या चढावर न्यावी.