पॉमेरेनियन की शिह त्झू? फ्लॅटमध्ये कुणाला आणायचं

माझ्या मावसबहिणीच्या घरी कुत्रा येणार हे नक्की झालंय, कुठला ते व्हायचंय. ठाण्यात चौथ्या मजल्यावर वन बीएचके, ती आणि नवरा दोघंही नोकरीला, घरी सासूबाई आणि तिसरीतली लेक. लेकीला पॉम हवाय, बहिणीला शिह त्झू, आणि सासूबाईंची अट एकच: "दुपारी मला तासभर झोपू द्या." आमच्याकडे नऊ वर्षं पॉम आहे, नागपूरला नणंदेकडे शिह त्झू आहे, आणि दोन्हींची शी-शू मी पुसलेली आहे. त्या जोरावर हे लिहिते.

आधी एक जुना घोळ निस्तरू. आपल्या लहानपणी शेजारीपाजारी जो पांढराशुभ्र 'पॉमेरियन' असायचा, तो बहुतेक वेळा पॉम नव्हताच. तो इंडियन स्पिट्झ: निमुळत्या तोंडाचा, पाच-सात किलोचा, कधी त्याहून मोठा, इथल्या उन्हात पिढ्यान् पिढ्या रुळलेला. "आमचा तर दूधपोळीवर चौदा वर्षं जगला" असं जे काका सांगतात, ते प्रशस्तिपत्र स्पिट्झचं आहे, पॉमचं नाही. खरा पॉम जेमतेम दीड ते साडेतीन किलोचा, कोल्ह्यासारखा चेहरा, पाठीवर पिसारा टाकावा तशी शेपूट.

पॉमचं नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून आलं. त्याचे पूर्वज बर्फाळ भागातले, चांगले थोराड. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहानसर पॉम आणला आणि मग इंग्लंडात लहानात लहान पिल्लांची चढाओढ लागली. शरीर आक्रसलं, पण स्वभाव मोठ्या कुत्र्याचाच राहिला. आमचा तीन किलोचा जीव अल्सेशियनवर धावून जातो तो त्यामुळेच, आणि कडेवर उचलून घ्यायची वेळ दर वेळी माझ्यावर येते.

शिह त्झूचं मूळ तिबेट-चीनकडचं. नावाचा अर्थ सिंह-कुत्रा, पण काम मात्र राजवाड्यात मांडीवर बसायचं. ना राखण, ना शिकार. वजन चार ते सात किलो, हाडापेराने भक्कम. माणूस दिसलं की शेपूट हलवणार, मग तो चोर का असेना.

सासूबाईंच्या झोपेचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो. पॉम भुंकतो. लिफ्टचं दार, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, गॅलरीतलं कबूतर, सगळ्याची त्याला वर्दी द्यायची असते. लहानपणापासून शिकवलं तर तीन-चार भुंकण्यांवर थांबतो. शिकवलं नाही तर सोसायटीच्या सभेत तुमचा विषय निघतो. (सोसायटी कुत्रा पाळायलाच बंदी घालू शकत नाही किंवा लिफ्ट नाकारू शकत नाही, असं अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण शेजाऱ्यांशी संबंध सूचनांवर चालत नाहीत.) शिह त्झू क्वचित भुंकतो. घोरतो मात्र व्यवस्थित.

शिकण्याच्या बाबतीत चित्र उलटं. पॉम चलाख, चार दिवसांत 'बस', 'थांब' शिकतो. शिह त्झूला कळतं सगळं, पण करायचं की नाही ते तो ठरवतो. शू कुठे करायची हे शिकवायला नणंदेला सहा महिने लागले. वन बीएचकेत सहा महिने म्हणजे गालिचा गुंडाळून माळ्यावर.

आता केस, कारण फोटो बघून माणूस प्रेमात पडतो ते केसांच्याच. पॉमला दुहेरी कोट असतो: आत दाट मऊ लोकर, वर सरळ राठ केस. आठवड्यातून दोन-तीनदा मुळापासून विंचरलं की भागतं, पण गळतात भरपूर. काळ्या पँटवर रोज पुरावा. आणि एक चूक अजिबात करू नका. उन्हाळा आला म्हणून मशीन लावून त्याला तासडायचं नाही. तो कोट उन्हापासूनही आडोसा देतो, आणि काही पॉमचे तासलेले केस नंतर नीट परत येतच नाहीत. टक्कल पडल्यासारखे चट्टे राहतात. पार्लरवाला "गरम होत असेल हो त्याला" म्हणाला तरी ठाम नाही म्हणा.

शिह त्झूचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात. गळतात कमी, पण गुंततात. लांब ठेवायचे तर रोज विंचरणं आलं, नाहीतर कानामागे आणि काखेत अशा गाठी होतात की कापण्यावाचून इलाज नाही. शहाणी माणसं त्याला 'पपी कट' देतात, सगळीकडून इंचभर. त्यासाठी चार-सहा आठवड्यांनी पार्लर, आणि तो खर्च जन्मभराचा, पिल्लाच्या किमतीपेक्षा जास्त विचार करण्यासारखा. पावसाळ्यात लोंबते कान आतून ओले राहिले की खाज, वास, मग डॉक्टर. भिजून आल्यावर पंचाने कान पुसायचे, हे आपल्या डोक्याला तेल लावण्याइतकं सवयीचं व्हायला हवं.

पण शिह त्झूची खरी जबाबदारी चेहऱ्यावर आहे. डोळे मोठे, बाहेर आलेले, नाक आत दबलेलं. केसाचं टोक, धूळ, मांजराचा पंजा, काहीही थेट बुबुळाला लागतं. रोज सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडं काढायची. डोळा लाल दिसला, मिटूनच ठेवला किंवा पंजाने चोळायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. "उद्या बघू" म्हणताना बुबुळाला जखम झालेली असू शकते.

दबलेल्या नाकाचा दुसरा हिशेब उन्हाळ्यात द्यावा लागतो. कुत्रा अंग गार करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि ज्याचं नाकच आखूड त्याची धाप अपुरी पडते. नागपूरच्या मेमध्ये नणंदेचा कुत्रा सकाळी सहाच्या आत फिरून येतो आणि दिवसभर कूलरसमोर पसरतो. ठाण्यात पारा तेवढा चढत नाही, पण दमट हवेत धापेचाही उपयोग कमी होतो. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, चालताना झोकांड्या असं दिसलं तर सावलीत नेऊन साध्या पाण्याने अंग भिजवायचं, पंखा लावायचा आणि तडक दवाखाना. आणि बदली-परदेशाचं चालू असेल तर हेही ध्यानात असू द्या: बऱ्याच विमान कंपन्या चपट्या नाकाचे कुत्रे सामानाच्या कक्षातून न्यायला तयार नसतात.

पॉमची नाजूक जागा वेगळी. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून चालता चालता मध्येच लंगडी घालतो. सोफ्यावरून उडी मारून पुढचा पाय मोडून घेणाऱ्यांतही हीच मंडळी. श्वासनलिका कमकुवत असते. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावून ओढलं की बदकासारखा खोकतो. छातीचा हार्नेसच घ्या. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू बराच वेळ उपाशी राहिलं तर साखर उतरून निपचित पडतं, तेव्हा दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला घालणारं कुणीतरी घरी हवं.

दात दोघांचेही लवकर खराब होतात, लसी आणि गोचिडांचं औषध दोघांनाही सारखंच, आणि मनुका, कांदा, चॉकलेट दोघांनाही वर्ज्य.

पिल्लू घेताना आई दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर निघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानेच मनाई आहे, तरी पाच आठवड्यांची पिल्लं खोक्यातून हातात ठेवली जातात. 'टीकप पॉम' नावाची वेगळी जात नाही. ते एकतर खुरटलेलं असतं किंवा वय चोरलेलं.

बहिणीला मी शिह त्झू सुचवलाय. आठ वर्षांची मुलगी उचलणार, कधीतरी पाडणार. चार-पाच किलोचा भक्कम जीव ते जास्त सोसेल. दुपारची झोपही शाबूत. घरी दिवसभर माणूस आहे, उन्हाळ्यापुरता एसी आहे. त्या तिघी जर नागपुरात असत्या तर मी दोन्हींना नाही म्हटलं असतं आणि स्पिट्झ शोधायला सांगितला असता.

सकाळी डोळे पुसायचं काम लेकीने घेतलंय. सासूबाईंनी काल फोनवर मला हळूच विचारलं, कापूस कुठला घ्यायचा.