वर्गातील बिनतारी माइक : कोकणातील पावसाळ्यात कितपत उपयोगी?

गेल्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास आम्ही पुतणीसाठी शिक्षकांनी गळ्यात अडकवायचा बिनतारी माइक आणि तिच्या दोन्ही श्रवणयंत्रांना जोडायचे छोटे रिसीव्हर घेतले. ती राजापूर तालुक्यातील मराठी शाळेत सहावीत होती. तिच्या दोन्ही कानांना तीव्र श्रवणदोष आहे, मात्र यंत्र लावल्यावर समोरासमोरचे बोलणे तिला चांगले कळते. शाळेच्या भिंती चिऱ्याच्या, छप्पर पत्र्याचे, आणि वर्ग पटाच्या मानाने लांबट आहे. या उपकरणाची जाहिरात नेहमी गालिचा अंथरलेल्या शांत वर्गात केलेली दिसते. म्हणून जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्याचा कितपत उपयोग झाला, ते लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

आधी या उपकरणाचे काम काय, ते सांगतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, परंतु शिक्षकांचा आवाज आणि बाकांची खरखर यांत निवड करणे त्याला फारसे जमत नाही. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. तोंडापासून 20 सेंटीमीटरवर असलेल्या माइकला जो आवाज मिळतो, तोच सव्वातीन मीटरवरच्या बाकापर्यंत पोहोचेपर्यंत सुमारे 24 डेसिबलने क्षीण झालेला असतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही घट थोडी कमी होते, पण त्याच प्रतिध्वनीमुळे शब्द एकमेकांत मिसळतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बोलणे नीट कळण्यासाठी शिक्षकांचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किमान 15 डेसिबलने वर असावा, असे तज्ज्ञ मानतात. पावसाळ्यात आमच्या शाळेत हे केवळ श्रवणयंत्राच्या बळावर साधणे अशक्य होते. बिनतारी माइक मधले अंतरच काढून टाकतो.

फरक सर्वांत आधी गणिताच्या तासाला दिसला. ‘सात’ आणि ‘साठ’ हे आकडे ओठांवर जवळजवळ सारखे दिसतात आणि शेवटचे व्यंजन पावसाच्या आवाजात सहज बुडते. पूर्वी बाई फळ्याकडे तोंड करून उदाहरण सांगू लागल्या की पुतणी शेजारणीच्या वहीत डोकावून आकडा लिहून घेत असे. माइक आल्यानंतर बाईंची पाठ असतानाही तिची वही स्वतंत्रपणे चालू लागली. श्रुतलेखनात विभक्तिप्रत्यय गाळण्याचे प्रमाणही उतरले, कारण वाक्यातील हे हलके उच्चारले जाणारे तुकडेच तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज मागे राहतो आणि ओठांशी त्याचा मेळ बसत नाही, तसे येथे जाणवत नाही. आवाज आणि ओठ दोन्हींच्या आधाराने शिकणाऱ्या मुलांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

तरीही पहिले काही आठवडे निराशेचे गेले, आणि त्याचे कारण उपकरणात नव्हते. रिसीव्हर जोडल्यावर श्रवणयंत्राचा स्वतःचा माइकही चालूच राहतो, त्यामुळे बाईंच्या स्पष्ट आवाजाबरोबर पत्र्यावरचा पाऊसही तितक्याच जोराने कानात शिरत होता. ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे श्रवणतज्ज्ञांनी, यंत्राच्या माइकची पातळी काही डेसिबलने खाली आणून दिली तेव्हा कुठे उपकरणाचे खरे काम सुरू झाले. तो माइक पूर्ण बंद करणे मात्र योग्य नाही, कारण मग मुलाला स्वतःचा आवाज आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. ही जुळणी विक्रेत्याच्या काउंटरवर होत नसते. खरेदीच्या किमतीतच ती धरून घ्यावी. धुवाधार सरी कोसळतात तेव्हा मात्र कोणतीही जुळणी पुरत नाही. बाई स्वतःच बोलणे थांबवून लिहायला देतात आणि सगळा वर्गच ऐकू न येणाऱ्यांचा होतो.

माइक वापरण्याची शिस्त वर्गाला लावावी लागते. शिक्षक दुसऱ्या मुलाला बाजूला घेऊन समजावत असतील तर माइक मूक करायला हवा, आणि मुले उत्तरे देत असतील तर तो हातोहात फिरायला हवा; नाहीतर चर्चेतला अर्धा भाग या मुलाच्या वाट्याला येतच नाही. सुरुवातीला माइक चालूच ठेवून बाई शिक्षकखोलीत जात आणि तिथल्या चहापाण्याच्या गप्पा पुतणीला वर्गात बसून ऐकू येत. तिने ही गंमत बरेच दिवस कोणाला सांगितली नाही!

खारी हवा आणि दमट पावसाळा ही मात्र खरी डोकेदुखी आहे. कानातल्या साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब साठतात, म्हणून रात्री यंत्र आणि रिसीव्हर सिलिका जेलच्या डबीत ठेवणे भाग पडते. श्रवणयंत्रातले झिंक-एअर सेल हवेतील ऑक्सिजनवर चालतात. त्यांची छिद्रे झाकणारा स्टिकर एकदा काढला की वापर असो वा नसो, ते उतरू लागतात, आणि रिसीव्हर जोडल्यावर त्यांचा खप आणखी वाढतो. माइक चार्जिंगचा असल्यामुळे वीज गेलेल्या दिवसांत पॉवर बँक दप्तरात ठेवावी लागली. आमच्या माइकचे चार्जिंगचे तोंड श्रावणातच गंजले. दुरुस्तीसाठी तो अणुस्कुरा घाटातून कोल्हापूरला पाठवला आणि तो परत येईपर्यंत बराच काळ पुतणीला जुन्याच पद्धतीने भागवावे लागले. बदली माइक देण्याची सोय विक्रेत्याकडे नव्हती, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

ज्या मुलांना श्रवणयंत्राने बोलणे कळत नाही, त्यांच्यासाठी हे उपकरण कामाचे नाही. त्यांना खुणांच्या भाषेतून शिकवणारा शिक्षक हवा. त्या दिशेने दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने केलेला दहा हजार शब्दांचा चित्रफीत-कोश 2021 पासून उपलब्ध आहे, आणि एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांचे त्या भाषेत रूपांतर करण्याचा करार 2020 मध्ये झालेला आहे. बोलणे मजकुरात उतरवणारे मोबाइल ॲपही आम्ही वर्गात वापरून पाहिले. इतिहासाच्या संथ व्याख्यानात ते बरे चालले, पण दहा मुले एकदम बोलू लागली की पडद्यावर गोंधळ उमटे, आणि नेटवर्क गेले की तेही थांबे.

किंमत एका चांगल्या श्रवणयंत्राच्या घरात जाते, तरी श्रवणयंत्राचा फायदा होणाऱ्या शाळकरी मुलासाठी मी हा खर्च पुन्हा करीन. मात्र आधी दोन गोष्टी लेखी घेईन : आपल्या श्रवणयंत्राच्या मॉडेलला रिसीव्हर बसतो याची खात्री, कारण सर्व यंत्रांना तो बसत नाही, आणि दुरुस्तीच्या काळात बदली माइक मिळण्याची हमी. चाचणीही मुलाच्या स्वतःच्या वर्गात, शक्यतो आषाढात घ्यावी. फेब्रुवारीत दुकानातल्या वातानुकूलित खोलीत प्रत्येक माइक उत्तमच वाटतो.